पाणी असते तेव्हा वारा नसतो

कोल्हापूर जिल्ह्यात पावसाने जोर धरला की वर्तमानपत्रांत रोज एक तक्ता छापून येऊ लागतो. राधानगरी, तुळशी, वारणा, दूधगंगा, कासारी, कडवी, कुंभी, पाटगाव, चिकोत्रा, चित्री अशी धरणांची नावे, त्यांच्यापुढे पाणीसाठा, आणि शेवटी राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी किती फूट झाली याचा आकडा. बहुतेक घरांत हा तक्ता पुराच्या धास्तीने वाचला जातो. मीही त्याच धास्तीने वाचते. पण त्याच आकड्यांतून मला आणखी एक अंदाज बांधायचा असतो, तो म्हणजे येत्या हंगामात होडी पाण्यापर्यंत नेण्यासाठी किती चिखल तुडवावा लागणार. माझ्याकडे एका माणसाने चालवायची, एकाच शिडाची लहान होडी आहे. तिला समुद्र दाखवायचा तर घाट उतरावा लागेल. मी ती घाटमाथ्याच्या अलीकडे, तलावांवरच चालवते, आणि ती चालवण्याच्या विचारापेक्षा वर्षभर ती कुठे आणि कशी ठेवायची या विचारात माझा अधिक वेळ जातो.

याचे कारण आपल्या ऋतुचक्रात आहे. शिडाच्या होडीला मुळात दोनच गोष्टी लागतात, पुरेसे पाणी आणि पुरेसा वारा, आणि आपल्या भागात या दोन्ही एकाच महिन्यात सहसा हाती लागत नाहीत. जून ते ऑगस्ट या काळात नैऋत्येचा आणि पश्चिमेचा वारा दिवसरात्र वाहत असतो आणि त्याच्यात सातत्यही असते. हैदराबादला हुसेन सागरावर शिडाच्या होड्यांच्या मोठ्या शर्यती जुलै-ऑगस्टमध्ये भरतात त्या याच वाऱ्याच्या भरवशावर. मात्र हैदराबादला पोहोचेपर्यंत या वाऱ्याने आपला बराचसा पाऊस सह्याद्रीवर रिता केलेला असतो. आपले तलाव नेमके जिथे तो पाऊस पडतो तिथेच, डोंगराच्या पायथ्याशी आहेत. गगनबावडा किंवा राधानगरीच्या बाजूला जुलै महिन्यात पलीकडचा काठ दिसत नाही, ओढे वाहते झालेले असतात, झाडांचे ओंडके वाहून येत असतात आणि धरणे भरत असतात. अशा पाण्यात हौसेची होडी घालणे हा निव्वळ अविचार आहे.

सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस ओसरतो तेव्हा तलाव काठोकाठ भरलेले असतात, काठावर गवत असते, होडी सहज पाण्यात ढकलता येते, आणि वारा पडलेला असतो. ऑक्टोबरच्या दुपारी शीड डोलकाठीला लोंबकळत राहते आणि मासे उड्या मारताना पाहणे एवढेच काम उरते. हिवाळ्यात सकाळी पूर्वेकडून हलका वारा येतो, तो ऊन चढले की मंदावतो. खरा वारा परततो तो फेब्रुवारीनंतर, पठार तापू लागल्यावर. मार्च, एप्रिल आणि मे या महिन्यांत दुपार कलली की पश्चिमेचा वारा उठतो. रंकाळ्याच्या कठड्यावर संध्याकाळी बसणाऱ्या प्रत्येक कोल्हापूरकराला तो ठाऊक आहे. शिकण्यासाठी आणि चालवण्यासाठी याहून चांगला वारा आपल्याकडे दुसरा नाही. परंतु तोपर्यंत शेतीसाठी आणि पिण्यासाठी पाणी सोडून सोडून तलाव अर्धे झालेले असतात, काठ खाली सरकलेला असतो, आणि काल जिथे पाणी होते तिथे आज भेगाळलेला गाळ असतो.

म्हणून येथे होडी घेणाऱ्याने ती पाण्यावर किती वेगाने जाते हे पाहण्याआधी ती दोघांना उचलता येते का, एका तलावावरून दुसऱ्यावर नेता येते का, आणि पावसाळ्याचे चार महिने बिघडू न देता ठेवता येते का, हे पाहावे. माझे सगळे म्हणणे या एका मुद्द्याभोवती आहे.

आधी वाऱ्याबद्दल, कारण तलावावरचा वारा समुद्रावरच्या वाऱ्यापेक्षा वेगळा असतो आणि किनाऱ्यावर शिकून आलेल्या माणसालाही तो चकवतो. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला वाटेत अडथळा नसतो. आपल्याकडे पश्चिमेचा वारा डोंगररांगा ओलांडून येतो, आणि बंधाऱ्यावरून पडणारे पाणी जसे खाली भोवरे करते तसा तो डोंगराच्या आडोशाला घुटमळतो. एखाद्या उंच अडथळ्यामागे त्याच्या उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत वारा अस्ताव्यस्त राहतो, असा सर्वसाधारण हिशेब आहे. काठावरची टेकडी पन्नास मीटर उंच असेल तर त्या हिशेबाने अर्धा ते एक किलोमीटर पाणी तिच्या सावलीत येते. लहान तलाव मुळात दीड-दोन किलोमीटर लांब. म्हणजे निम्मा तलाव गेला. याचा उपाय असा, की वाऱ्याच्या बाजूचा काठ सोडून पलीकडच्या काठाच्या जवळपास चालवावे आणि खिंड किंवा ओढ्याचे खोरे जिथे तलावाला मिळते तिथून वारा कसा येतो ते आधी पाहून ठेवावे. त्या खोऱ्यांतून वारा झोतांनी येतो, आणि प्रत्येक झोताची दिशा थोडी निराळी असते.

झोत येतो आहे हे पाण्यावरून कळते. पृष्ठभागावर गडद, सुरकुतलेला पट्टा सरकत येतो. तो दिसला की शिडाची दोरी सैल सोडण्याच्या तयारीत राहावे आणि अंग होडीबाहेर झुकवावे. शिडावर पडणारा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सहा नॉटचा वारा बारा नॉट झाला तर जोर दुप्पट न होता चौपट होतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, तेव्हा हे आकडे सायकलच्या वेगाच्या आसपासचे आहेत आणि ऐकायला निरुपद्रवी वाटतात. पण दोरी हाताला गुंडाळून निवांत बसलेल्या नवशिक्याला उलटवायला तेवढे पुरतात. शिडाची दोरी हाताला गुंडाळू नये आणि बांधूनही टाकू नये, हा नियम तलावावर दुप्पट कडक समजावा.

येथे एक गंमतही सांगण्यासारखी आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास उंचीवर आहे आणि उन्हाळ्यात हवा तापलेली असते, त्यामुळे समुद्रकाठच्या थंड हवेच्या तुलनेत आपली मे महिन्यातली हवा दहा टक्क्यांहून अधिक विरळ असते. वेगमापकावर तोच आकडा दिसला तरी शिडाला ढकलण्याचे तिचे बळ तेवढे कमी असते. परदेशी पुस्तकांतील कोष्टके वाचून शीड लहान करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. अर्थात वळवाच्या वेळी हा हिशेब कामाला येत नाही.

वळीव हा आपल्या तलावांवरचा सर्वांत मोठा धोका आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग उभे राहू लागले आणि पश्चिमेचा वारा अचानक पडला, तर तो थांबलेला वारा म्हणजे विश्रांती नव्हे. वादळी ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीला आपटून चारी बाजूंना पसरते, आणि पावसाचा पहिला थेंब पडण्याआधीच तिची धाड तलावावर येते. दिशा पूर्णपणे उलटी असू शकते. क्षितिजावर धुळीचा पडदा दिसला की शीड उतरवावे आणि सर्वांत जवळचा काठ गाठावा, मग तो आपल्या वाहनापासून कितीही लांब असो. मोकळ्या पाण्यावर ॲल्युमिनियमची डोलकाठी हीच सर्वांत उंच वस्तू असते, तेव्हा विजेच्या बाबतीत वेगळे सांगायला नको. हीच डोलकाठी काठावर उभी करून होडी ढकलताना वरून जाणाऱ्या विजेच्या तारांकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी. तलावांच्या काठी शेतीपंपांच्या तारा बऱ्याच खाली लोंबत असतात.

आता कुठे चालवावे. शहरातले रंकाळा, कळंबा आणि राजाराम हे तलाव जवळचे आहेत, पण ते महापालिका आणि इतर यंत्रणांच्या ताब्यात आहेत आणि तिथे आपल्या मर्जीने होडी घालता येत नाही. पश्चिमेकडे राधानगरीचा लक्ष्मी तलाव आणि काळम्मावाडीचा जलाशय पाहून कोणाच्याही मनात शीड उभे राहील. दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणाची क्षमता पंचवीस टीएमसीच्या वर आहे आणि राधानगरीची ८.३६ टीएमसी. तथापि या दोन्ही जलाशयांच्या परिसरात राधानगरी अभयारण्य आहे, जे २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात समाविष्ट झाले, आणि तिथे पाण्यावर पहिला हक्क गव्यांचा आहे. शिवाय छत्रपती शाहू महाराजांनी उभारणी सुरू केलेल्या राधानगरी धरणाचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की ते कोणी हात न लावता उघडतात आणि प्रत्येक दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी बाहेर पडते. धरणाच्या भिंतीजवळ, सांडव्याजवळ आणि पाणी सोडण्याच्या दाराजवळ, म्हणजे विमोचकाजवळ, होडी का नेऊ नये, हे समजायला एवढे उदाहरण पुरे.

उरतात ते लहान पाटबंधारे तलाव, आणि माझे बहुतेक चालवणे अशाच एका तलावावर होते. त्यासाठी जलसंपदा विभागाच्या कार्यालयात लेखी अर्ज करावा लागतो, आणि अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा हे त्या कार्यालयालाही पहिल्या खेपेस ठरवावे लागते, कारण शिडाच्या खासगी होडीसाठी तिथे आजवर कोणी आलेले नसते. कायद्याच्या बाजूने अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ हा १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आला आहे. तो मुख्यतः यंत्रावर चालणाऱ्या नौकांविषयी असला तरी बिनयंत्राच्या नौकांचाही त्यात विचार केलेला आहे. कागदापेक्षाही महत्त्वाची परवानगी स्थानिक मच्छीमार संस्थेची. तलावाचा मासेमारीचा ठेका तिच्याकडे असतो, जाळी तिची असतात, आणि थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या रांगेने तरंगताना दिसल्या की त्यांच्याखाली जाळे आहे असे समजून लांबून वळसा घालावा. होडीच्या मधल्या फटीतून पाण्यात सोडलेली पाती जाळ्यात अडकली तर जाळे फाटते आणि गावातला संबंधही.

नदीचा पर्याय बरेच जण सुचवतात. पावसाळ्यानंतर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले की पंचगंगा आणि तिच्या उपनद्यांत चांगले पाणी तुंबते, हे खरे. पण पात्र अरुंद असते, दोन्ही काठांवर झाडी आणि ऊस असल्याने वारा खाली पोहोचत नाही, आणि बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल तर त्याची ओढ वरच्या बाजूला लांबपर्यंत जाणवते. वल्ह्यांच्या होडीसाठी नदी चांगली आहे. शिडाच्या होडीसाठी मला ती कधी पटली नाही.

केंदाळाचा, म्हणजे जलपर्णीचा, उल्लेख वेगळा करायला हवा, कारण त्यात होडीवाल्यांवर जबाबदारी येते. जलपर्णीचा एक तुटका तुकडा ट्रॉलीच्या चाकात किंवा सुकाणूच्या फटीत अडकून दुसऱ्या तलावावर गेला तर पुरे. पंचगंगेची आणि रंकाळ्याची जी दशा आपण पाहिली आहे ती तिथेही सुरू होऊ शकते. एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाण्यापूर्वी होडी धुऊन, बूच काढून आतले पाणी सांडून, पूर्ण वाळवूनच हलवावी.

होडी कोणती घ्यावी, याचे उत्तर वजनात आहे. मुलांसाठी ऑप्टिमिस्ट ही होडी जगभर वापरली जाते. क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये अमेरिकेत ती आखली. लांबी २.३ मीटर, नुसत्या होडीचे वजन ३५ किलो, शीड साधारण साडेतीन चौरस मीटर. मोठ्या माणसाला एकट्याने चालवायला पूर्वी लेझर म्हणून ओळखली जाणारी आणि आता आयएलसीए नावाने चालणारी होडी आहे, जिच्या शर्यती १९९६ पासून ऑलिम्पिकमध्ये होतात. ती ४.२ मीटर लांब आणि सुमारे ५९ किलो वजनाची आहे. तिचा गुण असा, की एकाच होडीला डोलकाठीचा खालचा भाग बदलून तीन आकारांची शिडे लावता येतात: साधारण ७.०६, ५.७६ आणि ४.७ चौरस मीटर. आपल्या झोतांच्या वाऱ्यात वजनाने हलक्या माणसाने मधले किंवा लहान शीडच घ्यावे. दोघांसाठी एंटरप्राइज ही निळ्या शिडांची जुनी होडी भारतात अनेक वर्षे शिकवण्यासाठी वापरली गेली आहे. ती प्रशस्त आणि सांभाळून घेणारी आहे, पण नव्वद किलोंच्या आसपास असल्याने गाळातून ओढायला चार माणसे लागतात, आणि मे महिन्याच्या दुपारी तलावावर चार माणसे कुठून आणायची हा प्रश्न राहतोच. घाटावरच्या धरणात शिडाच्या होड्या चालणे नवे नाही; खडकवासल्याच्या पाण्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र कित्येक वर्षे हेच शिकत आले आहेत. मात्र त्यांच्याकडे धक्का आहे, गोदाम आहे आणि होडी उचलायला रांगेत उभे तरुण आहेत.

आपल्याकडे धक्का नसतो, गाळ असतो. त्यासाठी होडीखाली सरकवायची दोन चाकांची हलकी ट्रॉली हवी आणि तिची चाके रुंद हवीत. अरुंद चाक गाळात रुतते. अशी ट्रॉली कोल्हापुरात कारखान्यांच्या उद्यमनगरातल्या कोणत्याही चांगल्या वर्कशॉपमध्ये गॅल्व्हनाइज्ड पाइपची करून मिळते. शॅकल, सुकाणूच्या बिजागऱ्या, डोलकाठीचे बूड असे स्टेनलेस स्टीलचे सुटे भागही नमुना दाखवला की तिथे बनतात, आणि ते काम पाहणाऱ्या कारागिरांचे कुतूहल ही मजुरीवरची जादा कमाई असते. रस्त्यावरून न्यायला स्वतंत्र ट्रेलर घेतला तर आरटीओत त्याची नोंदणी करावी लागते. मी त्या फंदात न पडता छोटा हत्ती भाड्याने करते, गाडीत गाद्या अंथरते आणि होडी रुंद पट्ट्यांनी बांधते. ज्यांच्याकडे ट्रेलर आहे त्यांनी तो पाण्यात बुडवू नये. लांबच्या प्रवासाने तापलेले बेअरिंग थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते, पाणी आत ओढले जाते आणि ग्रीस खराब होते.

उथळ पाण्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. लहान होडी उलटणे हा अपघात नसून खेळाचा भाग आहे आणि ती सरळ करणे पहिल्याच दिवशी शिकावे. पण होडी पूर्ण पालथी झाली तर सुमारे सहा मीटरची डोलकाठी खाली जाते, आणि एप्रिलमध्ये तेवढी खोली नसेल तर तिचे टोक गाळात रुतते. डोलकाठीच्या टोकाला पाच लिटरचा रिकामा, घट्ट झाकणाचा कॅन बांधला की होडी आडवी होऊनच थांबते. लाईफ जॅकेट अंगात हवेच, पोहता येत असले तरी हवे. आणि होडी उलटली तर तिला सोडून काठाकडे पोहत सुटू नये.

आता साठवणीकडे येते. पावसाळ्यात होडी तलावाकाठी ठेवू नये, हे वरच्या सगळ्यावरून उघड आहे. ती शहरात आणायची तर पार्किंगमध्ये चार मीटर लांबीची वस्तू चार महिने कोण ठेवू देणार? नदीकाठच्या मळ्यातली शेड सहज मिळते, परंतु तिथे आधी पूररेषा विचारावी. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असे नियमात धरलेले असले तरी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी असताना २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. जे पुराचा फटका बसणाऱ्या चिखली-आंबेवाडीच्या लोकांना ठाऊक आहे ते होडीवाल्यानेही मानावे. पुरात होडी तरंगेल, असे कोणी हसून म्हणते. बंद शेडमध्ये तरंगलेली होडी छताच्या पत्र्याला टेकते आणि डोलकाठीसह मोडते.

मला जागा मिळाली ती एका गुऱ्हाळात, आणि आता मला वाटते की आपल्या भागात याहून चांगली सोय शोधूनही सापडणार नाही. गुऱ्हाळ दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि उन्हाळ्याआधी ऊस संपला की बंद पडते. म्हणजे होडीला नेमकी जेव्हा जागा हवी असते तेव्हा ते रिकामे असते. छप्पर उंच असते, वाफ जाण्यासाठी वरून हवा खेळती ठेवलेली असते, ट्रॅक्टर आत येईल एवढे दार असते, आणि हे गुऱ्हाळ मुरमाड माळावर आहे. मालकांना, ज्यांना सगळे आबा म्हणतात, होडीचे मुळीच अप्रूप नव्हते; पुरात गुळाच्या काहिलीतून माणसे ने-आण करणाऱ्या गावात ते असायचे कारणही नाही. त्यांनी पहिला प्रश्न शिडाबद्दल विचारला, आणि मी ते होडीतच गुंडाळून ठेवणार म्हटल्यावर म्हणाले, “ताई, उंदराला तुमचं शीड काय आन् माझं पोतं काय, दोन्ही सारखंच. घरी न्या ते.” मी तेव्हापासून शीड घरी आणते.

गुऱ्हाळाचे तोटेही आहेत. जमिनीला गुळाचा अंश लागलेला असतो, म्हणून मुंग्या येतात. होडी ज्यांवर टेकवतात त्या लाकडी घोड्यांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की त्या चढत नाहीत. उरलेल्या चिपाडाच्या, म्हणजे रस काढलेल्या उसाच्या, ढिगात साप असू शकतो, तेव्हा पावसाळ्यात होडी हलवताना आधी काठीने आवाज करावा आणि मगच हात घालावा. चिपाड पेटते आणि फायबरची होडीही पेटते, त्यामुळे चुलवण, म्हणजे गुळाची भट्टी, पेटण्याआधी होडी बाहेर गेलीच पाहिजे. यात सवलत मागू नये.

होडी कशी ठेवावी याचे नियम थोडे आहेत, पण ते पाळले नाहीत तर नुकसान हळूहळू आणि न दिसता होते. फायबरची होडी वरून कडक वाटते, मात्र उष्णतेत तिला एकाच ठिकाणी भार पडला तर महिन्या-दोन महिन्यांत खळगा पडतो. दोन लाकडी घोड्यांवर जुन्या गाद्यांचा किंवा सायकलच्या ट्यूबचा थर देऊन त्यावर ती पालथी ठेवावी, आणि टेकू तिच्या कडांना, जिथे बांधणी भक्कम असते तिथे लावावा. नाकाकडची बाजू किंचित उंच राहू द्यावी. बूच काढून ठेवावे आणि तपासणीची गोल झाकणे उघडी ठेवावीत. बंद पोकळीत अडकलेली दमट हवा रात्री थंड झाली की आत पाणी सुटते, आणि आतला फोम एकदा ते पाणी पिऊ लागला की होडीचे वजन वर्षागणिक वाढत जाते. गोड्या पाण्यातून मीठ जमत नाही, हा तलावाचा फायदा. पण जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर, फोड येण्याचा धोका गोड्या पाण्यात अधिक असतो, म्हणून होडी तरंगत ठेवण्यापेक्षा प्रत्येक वेळी बाहेर काढणेच चांगले. उघड्या ठेवलेल्या झाकणांवर मात्र मच्छरदाणीची जाळी लावावी. कुंभारमाश्या डोलकाठीच्या नळीत मातीची घरे बांधतात आणि ती घरे ऐन मोसमात दोन भाग एकमेकांत बसवताना आठवतात.

ताडपत्री घट्ट गुंडाळू नये. वर उतार देऊन ती अशी ताणावी, की पाणी साचणार नाही आणि खालून वारा फिरेल. निळी प्लॅस्टिकची ताडपत्री एका उन्हाळ्यात फाटते. ट्रकवर वापरतात तसली जाड ताडपत्री शिवून घेणे शेवटी स्वस्त पडते, आणि जे कारागीर ती शिवतात तेच शिडाच्या कडेची उसवलेली शिवण दुहेरी दोऱ्याने पक्की करून देतात. शीड डॅक्रॉनचे, म्हणजे घट्ट विणलेल्या आणि रेझिनने कडक केलेल्या पॉलिएस्टरचे असते. त्याला उन्हाचा मार सर्वांत जास्त. ते साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे आणि घडी न घालता पाइपवर गुंडाळावे, कारण घडीच्या रेषेवर रेझिन मोडते. माझे शीड पावसाळाभर माळ्याच्या वाशांना आडवे टांगलेले असते. दोऱ्या कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुतल्या की आतला बारीक गाळ निघतो. तो राहिला तर दोरी आतून झिजते आणि बाहेरून ते समजत नाही.

लाकडी होडी असेल तर हे सगळे निराळे होते. आपल्या उन्हाळ्याच्या कोरड्या उष्णतेत फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात, प्लायवूडच्या कडा उलतात, आणि पहिल्या पावसात त्या पाणी शोषून फुगतात. तिला दर वर्षी रंग-वार्निश लागते आणि वाळवीपासून जपावे लागते. हौस आणि वेळ दोन्ही असतील तरच त्या वाटेला जावे.

गुऱ्हाळातून होडी बाहेर येते तेव्हा तलाव भरलेला असतो आणि वारा नसतो, त्यामुळे तपासणीला सवड मिळते. सुकाणूच्या बिजागऱ्यांचे स्क्रू ओढून पाहावेत, स्टेनलेसचे रिव्हेट ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत जिथे बसतात तिथे पांढरी भुकटी दिसते का ते पाहावे, आणि शंका असेल तर होडीच्या पोकळीत फुंकणीने हलकेच हवा भरून बाहेरून साबणाचे पाणी लावावे. जिथे बुडबुडे येतील तिथे गळती आहे. हवा तोंडानेच भरावी, पंपाने सांधा सुटतो. फायबरची बारीक चीर शहरात पुतळे आणि टाक्या बनवणारे कारागीर एका दिवसात बुजवून देतात, फक्त जुना जेलकोट नीट घासून, होडी पूर्ण वाळल्यावरच ते काम करायला सांगावे. त्यानंतर ती तलावाजवळच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे जूनपर्यंत राहते, दर वेळी थोड्या खालच्या काठावर उतरवली जाते, आणि फेब्रुवारीपर्यंत मी मुख्यतः वल्हीच वापरते.